मोसमी पावसाची पूर्वपरवानगी

२०२१ च्या जानेवारीत शिक्षण मंत्रालयाने फर्मान काढलं. सरकारी विद्यापीठांना ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची असेल, आणि विषय देशाची सुरक्षा, सीमा, ईशान्येकडची राज्यं, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा निव्वळ 'भारताच्या अंतर्गत बाबी' असा असेल, तर सचिवांची पूर्वपरवानगी हवी. सहभागींची यादीही मंजूर करून घ्यायची. पायजम्यावर कोट चढवून 'माझा आवाज येतोय का?' विचारणारा प्राध्यापक इतका घातक असेल, हे शत्रूच्याही ध्यानात आलं नसेल.

आमच्या एका हवामानवाल्या मित्राला पेच पडला. मोसमी पाऊस ही अंतर्गत बाब की परराष्ट्रीय? येतो तर समुद्रावरून, आणि केरळात शिरतो तो कुणाचीही सही न घेता. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सर, शीर्षकात ब्रह्मपुत्रा आहे. सीमा ओलांडते ती. काढा. 'एक जलप्रवाह' लिहा." लिहिलं. मग तिबेटातल्या बर्फावर बोट ठेवलं. बर्फ काढला. आता परिषदेत राहिले फक्त स्वागत आणि आभार. त्यांना हरकत नव्हती.

विज्ञान अकादम्यांनी बोंब मारली आणि फेब्रुवारीत फर्मान मागे घेतलं गेलं. मित्र पेढे घेऊन भाऊसाहेबांकडे गेला. त्यांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि फर्मान मागे घेतल्याच्या पत्राची साक्षांकित प्रत मागितली. दोन प्रतींत.