पिंजऱ्याला पहारा, तव्याला मोकळीक

शहरातल्या पाळीव पक्ष्यांची बडदास्त वाढली आहे. पिंजऱ्यावर कॅमेरा, आत तापमानाचा सेन्सर, बाहेर हालचाल टिपणारा सेन्सर. मध्यरात्री कॉकटील जातीच्या पोपटानं पंख झाडले की मालकाच्या मोबाइलवर सूचना येते. मोबाइल सायलेंटवर असतो, ही गोष्ट वेगळी.

कॉकटील मुळात भित्रा. अंधारात पाल चुकचुकली किंवा रस्त्यावरच्या गाडीचा झोत भिंतीवर फिरला, की दचकून सळयांवर आदळतो. नव्या फुटणाऱ्या पिसांत रक्त असतं. ती मोडली की रक्त वाहतं. म्हणून जाणते लोक रात्रभर एक मंद दिवा ठेवतात. आपले हौशी मालक हालचाल होताच लख्ख पेटणारा दिवा बसवतात. पक्षी हलतो, दिवा पेटतो. दिव्यानं पक्षी भेदरतो, पुन्हा हलतो. यंत्र रात्रभर चोख काम करतं आणि झोप फक्त मालकाची होते.

एके काळी हा पहारा उलट होता. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कार्बन मोनॉक्साइडचा सुगावा लागावा म्हणून माणसं कॅनरी पक्षी सोबत नेत. १९८६ साली त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचं ठरलं. कॅनरी निवृत्त झाले. घरातल्या पक्ष्यांची नोकरी मात्र चालूच आहे, कारण विषारी हवेचा फटका आजही त्यांनाच आधी बसतो.

आणि ती हवा बिघडवतं कोण? पिंजऱ्याशेजारी मच्छर अगरबत्ती लावणारे आपणच. रात्री अकराला ऑम्लेटसाठी नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवून मालिकेत रमणारेही आपणच. रिकामा तवा फार तापला, की त्याच्या लेपातून सुटणारा वायू पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. तो घरातल्या गॅस-अलार्मच्या गावीही नसतो. तेव्हा पहिला सेन्सर पिंजऱ्याला नको, स्वयंपाकघरातल्या माणसाला बसवा.

पिंजऱ्यात हिरवा देशी पोपट असेल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणंच गुन्हा. अशा घरी कॅमेरा जरूर लावावा. पक्ष्याला खरा धोका कोणापासून आहे, ते त्यात अगदी स्पष्ट दिसतं. वनखात्याला पुरावाही आयता मिळतो.