बँकवाल्यांचा प्लॉट

"वैनी, बँकवाल्यानं घेतला म्हणं प्लॉट?" भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला. मावशींना बातमी आधीच लागलेली असते. विचारतात ते ताडून बघायला.

"इसार दिला की परवा. इथंच उदगीरला, बिदर रोडला. लातूरचा फ्लॅट विकायलेत."

"अगं बाई! आन् बायको कबूल झाली?"

खरी गोम तिथंच आहे. बँकवाले मूळचे देवणीकडचे. नोकरी सगळी लातुरात गेली, आता रिटायर झालेत आणि त्यांना दारात गाय पाहिजे. साधीसुधी नाही, वानेरा देवणी. अंगानं पांढरी, तोंडाला काळी. "तिसऱ्या मजल्यावर गाय कुठं बांधू? उदगीरला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेजच आहे, काही झालं तर नेता येईल," म्हणतात.

"गायीसाठी कॉलेज हाय. बायकोसाठी?"

"तेच तर तिचं म्हणणं. डोळ्यांना लायन्सचा दवाखाना आहे, कर्नाटक-तेलंगणातून लोक येतात, ते ठीक. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर लातूर साठ-पासष्ट किलोमीटर."

"बिदर चाळीस."

"बिदर कर्नाटकात की हो."

"कळ काय राज्य बघून येती का?" मावशींनी सूप भिंतीवर टेकवलं. आता ज्वारी निवडून होणार नाही, हे माझ्या लक्षात आलं.

तिचं दुसरंही एक दुखणं आहे. "सगळं उदगीर पोरांच्या ट्यूशनसाठी लातूरला खोल्या करून राहायलंय आणि आम्ही उलटे निघालो," असं माझ्यापाशी म्हणाली. पोरं दोन्ही पुण्यात नोकरीला, ट्यूशनचं आता काय? पण चार बायकांत 'लातूरला असते' म्हणण्याचा एक रुबाब असतो, तो असा सुटत नाही. 2022च्या एप्रिलमध्ये साहित्य संमेलन इथं भरलं तेव्हा आमच्याकडंच उतरली होती. तीनही दिवस "गाव किती छान, माणसं किती छान" चाललेलं.

"पाव्हणी म्हणून कुणालाबी आवडतंय. नळाला पाणी कवा येतंय, हे विचारलं होतं का तिनं?"

"लातूर सोडायचं पाणी हेही एक कारण आहे. 2016ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ना, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. तेव्हापासून डोक्यात आहे त्यांच्या."

"मग हितं काय गंगा वाहत होती? त्या साली आपण बी टँकरमागं घागरी घेऊन पळत होतो की. आता लिंबोटी धरणाचं पाणी आलं म्हणून तोंड उघडायलाव."

हे खरं. आणि मला विचाराल तर बँकवाल्यांचं गणित निम्मंच बरोबर आहे. उदगीर म्हणजे लातूरची स्वस्त वसाहत, असं धरून जो येतो तो महिन्याभरात कुरकुरायला लागतो. लातुरात मिळतं ते सगळं इथं नाही, आणि रोज जाऊन-येऊन करण्याइतकं लातूर जवळही नाही. या गावाचं तोंडच दुसरीकडं आहे. रेल्वे जाते ती भालकी, बिदर करत विकाराबादला. बाजारात मराठी बोलता बोलता उर्दू होतं, मधेच कुणी कन्नडमध्ये भाव सांगतो. लग्नाचा बस्ता हैदराबादचा. ज्याला हे चालतं त्यानं यावं.

"माझ्या सासऱ्याच्या जुन्या कागदावर जिल्हा बिदर हाय," मावशी म्हणाल्या. "छप्पनला उस्मानाबाद झाला. ब्याऐंशीला लातूर. घर हाय तिथंच, जिल्हे तीन झाले."

"आता चौथा, उदगीर जिल्हा."

"मी नवरी होऊन आले तवापासून व्हायलाय त्यो."

"पण दलालानं बँकवाल्यांना हेच सांगितलं. 'साहेब, जिल्हा झाला की भाव दुप्पट, कलेक्टर ऑफिस ह्याच रोडला.' आणि तेवढ्यावर फुटामागं शंभर रुपये चढवले."

मावशी इतक्या हसल्या की सूप पडता पडता राहिलं. "बँकेत जन्म गेला आन् असं फसलं! जमीन एन.ए., म्हंजे बिगरशेती, तरी हाय का बघितलं का? आमच्या धाकट्या दिरानं बाँडवर घेतला होता. तवा गुंठ्याची रजिस्ट्री होत नव्हती. पैसे देऊन बसलाय, नाव अजून चढंना."

"एन.ए. आहे म्हणतात."

"म्हणतात नको. लेआउटचा कागद बघा म्हणावं, स्वतःच्या डोळ्यानं. आन् तिला संगं घेऊन जा म्हणावं तलाठ्याकडं. बाईमाणूस कागद बारीक बघतंय."

"सांगते."

"आन् वैनी," मावशींनी सूप उचललं, आवाज उतरवला, "गाय आली की दूध घरापुरतंच काढणार हायत का रतीब लावणार, तेवढं इचारून ठेवा. आमचा गवळी लई पाणी घालायलाय."