शिकागोचा सह्याद्री

शिकागोकडच्या मराठी घरात देशातून आई-बाबा आले की एक शनिवार ‘स्टार्व्ह्ड रॉक’च्या नावानं सुटतो. सपाट इलिनॉयमध्ये दऱ्याखोरी म्हणून दाखवायला जवळ दुसरं आहे काय! मक्याची शेतं बघून डोळे मिटायला लागतात तोवर मऊ वालुकाश्मात पाण्यानं कोरलेल्या 18 घळी येतात. 1911 पासूनचं राज्य उद्यान, वर प्रवेश फुकट. मग गर्दी का होऊ नये? पार्किंग भरलं की सुट्टीच्या दिवशी फाटकातूनच परत पाठवतात.

आख्यायिका अशी, की वेढ्यात सापडलेले इलिनिवेक लोक या कड्यावर अन्नावाचून मेले. आपली मंडळी तो धोका पत्करत नाहीत. डिकी उघडते, थालीपीठं, दडपे पोहे, लोणच्याची बरणी बाहेर येते. पायवाट लागते ती बडीशेप झाल्यावर.

वाइल्डकॅट घळीतला धबधबा चांगला 80 फुटी, पण कोरड्या ऑगस्टात तो दगडावरच्या ओलीवरून ओळखावा लागतो. बाबा लगेच, “जुलैत आंबोलीला ये, मग दाखवतो.” मुलगा हो म्हणतो. रजा कुठली मिळायला!

बाबा खरे रमतात ते घळीच्या भिंतीपाशी. कोरायला मनाई आहे, तरी किल्लीनं कोरलेली नावं, बदाम, बाण, अगदी आपल्या गडांवर असतात तसे. बाबा चष्मा पुसून एकेक जोडी वाचतात आणि सुनेला विचारतात, “यांची पुढं लग्नं होतात का गं?”