अण्णांचा मंजूर भार

वीजबिलावर ग्राहक क्रमांक आणि मीटर रीडिंगच्या आसपास 'मंजूर भार' नावाची एक नोंद असते. ती कुणी वाचत नाही. सांगलीतले आमचे अण्णा मात्र ती नोंद तळहातावरच्या फोडासारखी जपत आले. अण्णांच्या वडिलांनी चार बल्ब आणि एका पंख्यासाठी जोडणी घेतली, तेव्हाचा तो एक किलोवॅट. पुढे घरात फ्रिज आला, गिझर आला, दोन एसी आले. बिलावर किलोवॅट एकच राहिला. बोर्डाचा माणूस गल्लीत दिसला की एसीच्या बाहेरच्या डब्यावर पोतं पडायचं, आणि अंगणातला तांब्याचा बंब दर्शनी जागी यायचा. "आम्ही अजून बंबावरच," अण्णा न विचारता सांगायचे. त्या बंबात काकू कोरफड लावायच्या.

हे सगळं गच्चीवर सोलार बसवायचं ठरेपर्यंत.

सोलारवाला मुलगा प्रामाणिक होता, हीच अडचण झाली. त्याने बारा महिन्यांची बिलं पाहिली आणि म्हणाला, "काका, तुमचा वापर महिन्याला अडीचशे युनिटच्या आत. एक किलोवॅट महिन्याला शंभर-एकशेवीस युनिट देतो. तीन किलोवॅट भरपूर झाले."

"आणि गच्ची किती किलोवॅटची आहे?"

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, या हिशेबाने गच्ची दहाची निघाली. "मग उरलेल्या गच्चीवर काय पापड वाळत घालू?" अण्णांनी विचारलं. फुकटचं ऊन वाया जाणं त्यांना सहन होईना. इतकी वर्षं ते तसंच पडत होतं, त्याचंही आता दुःख व्हायला लागलं. शेवटी पाचावर तोड निघाली.

तेव्हा मुलाने हळूच नियम सांगितला. मंजूर भारापेक्षा मोठं सोलार बसवता येत नाही. आणि अण्णांचा भार एक.

त्या रात्री अण्णा वही घेऊन घरभर फिरले. आयुष्यभर जे लपवलं ते वॅटसकट लिहायचं होतं. गिझर दोन हजार. एसी दीड हजार, गुणिले दोन. घरगुती चक्की साडेसातशे. इस्त्री एक हजार.

"अहो, इस्त्री कधीच जळाली," काकू म्हणाल्या.

"जळेपर्यंत भार होताच ना!"

दुसऱ्या दिवशी एसीवरचं पोतं निघालं, बंब माळ्यावर गेला. कार्यालयातल्या बाईंनी यादी वाचली आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "काका, एवढं सगळं एक किलोवॅटवर चालत होतं?" अण्णांना उत्तर सुचलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात त्यांना आणखी एक नियम कळला. एका डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या घरांचं मिळून किती सोलार जोडायचं, यालाही हद्द आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या नियमांनुसार ती ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ७० टक्के. कारण साधं आहे. भर दुपारी माणसं कामावर, घरं रिकामी, आणि सगळ्या गच्च्या एकाच तारेत वीज लोटू लागल्या तर व्होल्टेज चढतं. अण्णांनी यातून एवढाच अर्थ काढला की गल्लीत कुणी आपल्याआधी अर्ज करता कामा नये. मग पुढचे काही आठवडे ते कोपऱ्यावर उभे राहून "सोलार? फसवणूक आहे हो निव्वळ!" असं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते. स्वतःचा नेट मीटर बसला त्या संध्याकाळी त्यांनीच पेढे वाटले.

पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने ग्राहक-हक्कांचे नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणी नको, आणि लागेल तेवढा मंजूर भार वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा. शेजारच्या पोराचं काम वही न उघडता झालं. अण्णांनी त्याचे पेढे घेतले, पण चव नाही म्हणाले.

एका भर उन्हाच्या दुपारी लाइट गेली. वर पाच किलोवॅट तळपताहेत आणि खाली अण्णा पुठ्ठ्याने वारा घेताहेत. लाइनमनला झटका बसू नये म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर आपणहून थांबतो, हे मुलाने आधीच सांगितलं होतं. अण्णा तेव्हा गच्ची मोजत होते.

खरी मजा मार्चमध्ये. शिल्लक युनिटं आर्थिक वर्षभर पुढे सरकतात; ३१ मार्चला उरलेली कंपनी घेते, पण आपण भरतो त्यापेक्षा कमी दराने. दोन म्हाताऱ्या जिवांनी किती जाळायची? ज्या घरात बाथरूमचा दिवा राहिला तर आरडाओरडा व्हायचा, तिथे मार्चभर दोन्ही एसी चालतात. चहा इंडक्शनवर होतो. गल्लीतल्या बायकांना दळणाचं आमंत्रण जातं. मी उठायला लागलो की अण्णा हात धरतात, "बसा हो, युनिटं पडलीत!"

परवा त्यांनी विचारलं, "इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर लावला तर भार सातेक किलोवॅटने वाढेल ना?"

"गाडी चालवणार कोण?" काकू आतून म्हणाल्या.

"गाडी कुणाला घ्यायचीय? मी चार्जरचं विचारतोय."