मार्क्सचं राज्य, मार्कांवर

कॅमेरे आणि पोटॅश विकून भागेना, तेव्हा पूर्व जर्मनीला हमखास खपणारा माल सापडला: स्वतःच्या तुरुंगातले राजकीय कैदी. गिऱ्हाईक एकच, पश्चिम जर्मनी. 1963 ते 1989 या काळात 33 हजारांहून अधिक कैदी असे सीमेपार गेले. दर आधी माणशी सुमारे 40 हजार मार्क, 1977 पासून 95,847. वरचे 847 कशाचे, ते देव जाणे. देवाचा संबंध होताच म्हणा. व्यवहार चर्चच्या संस्थेमार्फत चाले, आणि मोबदल्यात बहुधा कॉफी, तांबं, खनिज तेल असा जिन्नस जाई.

कच्च्या मालाचा तुटवडा कधी पडला नाही. देश सोडून पळू पाहणं हाच गुन्हा. एकदा भिंत बांधली की गुन्हेगार आपोआप पिकतात.

बैल बाजाराला नेण्याआधी शेतकरी त्याची शिंगं रंगवतो. इथे कैद्यांना कार्ल-मार्क्स-श्टाटच्या (होय, मार्क्सच्याच नावाचं शहर!) कासबेर्ग तुरुंगात आणून आधी नीट खाऊपिऊ घालत, गालांवर जरा तुकतुकी आणत. मग पश्चिमेकडून आलेल्या बसमध्ये बसवत. बसची नंबरप्लेटही फिरती. पूर्वेत असेपर्यंत पूर्वेचा नंबर, सरहद्दीपाशी ड्रायव्हरने बटण दाबलं की पश्चिमेचा.

तरी खड्डा भरेना. 1983 मध्ये पश्चिमेकडून 100 कोटी मार्कांचं कर्ज मिळालं, आणि ते जुळवून दिलं पश्चिम जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचे मुख्यमंत्री फ्रान्झ योसेफ श्ट्राउस यांनी. कम्युनिस्ट म्हटलं की या गृहस्थांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तारण काय? पूर्वेतून पश्चिम बर्लिनला जाणाऱ्या रस्त्यांच्या वापरापोटी पश्चिम जर्मनीच पूर्वेला दरवर्षी जी रक्कम देई, ती. म्हणजे सावकाराचाच पैसा सावकाराकडे गहाण! श्ट्राउस यांच्या पक्षातले काही जण चिडून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. पूर्वेने मात्र सीमेच्या कुंपणावरची, पळणाऱ्यावर आपोआप छर्रे झाडणारी यंत्रं 1984 अखेरपर्यंत उतरवली. त्याच वर्षी आणखी 95 कोटींचं कर्ज आलं. कैद्यांच्या बस चालूच होत्या.

3 ऑक्टोबर 1990 रोजी पूर्व जर्मनी पश्चिमेत विलीन झाला. त्याचं उरलेलं परदेशी देणं एकीकृत जर्मनीच्या, म्हणजे त्याच जुन्या गिऱ्हाइकाच्या, खात्यावर चढलं.