मोबाइल-अभाव-विचार

सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ लिहिला, तो बाळांना न्यायशास्त्र सुखाने कळावं म्हणून. तसं त्याने आरंभीच सांगून टाकलं आहे. इथे बाळ म्हणजे व्याकरण वगैरे शिकलेला, पण तर्क न शिकलेला विद्यार्थी, असा खुलासा टीकाकारांना पुढे करावा लागला. आमच्या अभ्यासाचं बाळ नेमकं उलट आहे. वय साडेतीन, ‘र’चा ‘ल’ होतो, व्याकरणाचा पत्ता नाही. तर्क मात्र पक्का. अशा बाळापुढे ऐन जेवणाच्या वेळी ‘मोबाइल नाही’ हे सिद्ध करणं हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय.

मोबाइलच्या असण्यावर चिक्कार लिहिलं गेलं आहे. नसण्याकडे मात्र विद्वानांचं दुर्लक्ष झालं. वास्तविक अन्नंभट्टाच्या सात पदार्थांतला सातवा पदार्थ अभाव हाच, आणि त्याचे प्रकार चार. घरोघरचे आईबाप हे चारही रोज वापरतात, फक्त त्यांची नावं त्यांना ठाऊक नसतात.

प्रागभाव म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचं तिचं नसणं. त्याला आरंभ नाही, अंत आहे. ‘आधी जेव, मग फोन’ हे त्याचं घरगुती रूप. अंत नेमका कधी, यावर मतभेद आहेत. आईच्या मते ताट संपल्यावर, बाळाच्या मते तिसऱ्या घासाला आणि आजीच्या मते ‘अगं दे ना, तेवढंच पोटात जातंय काहीतरी.’ आजीचं मत बहुधा सिद्धान्त ठरतं.

प्रध्वंसाभाव याच्या उलट. घडा फुटला की त्याच्या नसण्याला आरंभ होतो, अंत मात्र नाही. ‘फोन बिघडला’ हे विधान या वर्गातलं, आणि आईबापांची खरी फजिती इथेच होते. शास्त्राप्रमाणे बिघडलेला फोन अनंतकाळ बिघडलेलाच राहायला हवा. तो थोड्याच वेळात फ्रिजवर वाजू लागतो आणि पलीकडून मामा विचारतो, ‘जेवलं का पिल्लू?’ पिल्लू जेवणं थांबवून आईकडे बघतं. ‘चार्जिंग संपलं’ हा पोटप्रकार थोडा सुरक्षित वाटतो, पण बाळाला चार्जर कुठे असतो ते बाबांपेक्षा चांगलं माहीत असतं.

अत्यंताभाव, म्हणजे तिन्ही काळांतलं नसणं. ‘आपल्या घरी कार्टून लागतच नाही.’ आत्याच्या घरी लागतं. विषय संपला.

उरला अन्योन्याभाव: घडा म्हणजे वस्त्र नव्हे. बाबा याचा प्रयोग सोफ्यावर आडवे होऊन करतात: ‘हा फोन नाहीये रे, हे माझं ऑफिस आहे.’ युक्तिवाद जुना असता तर टिकलाही असता. पण 2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे ताईची अख्खी शाळा याच डबीत भरली. तेव्हापासून जी वस्तू बाबांचं ऑफिस आणि ताईची शाळा असू शकते, ती धाकट्याचं काहीच का नसावी, याला समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेलं नाही.

बाळाची बाजू अनुमानावर उभी आहे. त्याचा पंचावयवी न्याय असा. बाबा संडासात फोन बघतात (प्रतिज्ञा), कारण त्यांना फार वेळ लागतो (हेतू). जिथे जिथे फार वेळ, तिथे तिथे फोन, जसं काल (उदाहरण). आजही तसाच वेळ लागतोय (उपनय). म्हणून फोन आहेच (निगमन). यावर बाबा आतून आक्षेप घेतील की हेतू सव्यभिचारी आहे, वेळ बद्धकोष्ठानेही लागतो. आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. परंतु बद्धकोष्ठ झालेला माणूस आतून खुदूखुदू हसत नाही.

या सगळ्या थापांतून खरं नुकसान होतं ते शब्दप्रमाणाचं. आप्त म्हणजे जसं आहे तसं सांगणारा. त्याचंच वाक्य प्रमाण. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं. हे वाक्य बाळापर्यंत पोचवणार कोण? कालच ज्यांचा बिघडलेला फोन मामाशी बोलला, तेच. आणि तेही फोनवर वाचून दाखवत.

काही जुने नैयायिक अभावाचा पाचवा प्रकारही मानतात: सामयिकाभाव. याला आरंभही आहे, अंतही आहे, आणि खोटं काहीच बोलावं लागत नाही. त्याचं आम्हाला सापडलेलं सर्वोत्तम उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं. यातला ‘मोठ्यांनी’ हा शब्द आमच्या मते या ठरावाचा प्राण आहे. बाबांचाच फोन बंद असल्यावर बाळाने अनुमान करायचं तरी कशावरून?

हाच प्रयोग शहरी गृहनिर्माण सोसायटीत करायचा तर भोंग्याचा आवाज, खर्च आणि बी विंगची हरकत यांवर आधी चर्चा व्हायला हवी. ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होईल, आणि सगळे घरी सापडतात म्हणून सात ते साडेआठ या वेळात होईल.