शेवटचे पाच टक्के

फोनची बॅटरी २० टक्क्यांवरून ६० वर हां हां म्हणता जाते. ९५ वरून मात्र सरकता सरकत नाही. या काळात फोनधारक स्विचबोर्डापाशी अवघडून उभा असतो, कारण वायर नेहमी हातभर कमी पडते. तो पिन काढून पुन्हा घालतो, तिच्यावर फुंकर मारतो, बटण बंद-चालू करतो. यातल्या कशाचाही उपयोग नसतो. चार्जर धडधाकट असतो. बॅटरीचे पोट भरत आलेले असते.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धन ध्रुवाकडून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. सहा कार्बन अणूंमागे एका लिथियमला जागा, असा तिथला हिशोब. सुरुवातीला पान रिकामे असते, त्यामुळे वाढपी जिलब्या घेऊन धावत सुटला तरी कोणी हात आडवा घालत नाही. चार्जरही तेव्हा प्रवाह जोरात आणि एकसारखा ठेवतो, व्होल्टेज चढेल तसे चढू देतो. ते ४.२ च्या आसपास पोचले (काही फोनांत किंचित वर) की नियम बदलतो. व्होल्टेज तिथेच धरून ठेवले जाते. आग्रहाला हद्द पडते. बॅटरी आतून त्या हद्दीच्या जितकी जवळ येते, तितका दोन्हींतला फरक घटतो. प्रवाह त्या फरकावरच चालत असल्याने तोही रोडावत जातो.

तरीही आग्रह रेटला तर पंगतीत फार तर पानात टाकले जाते. इथे ग्राफाइटमध्ये न मावलेले लिथियम पृष्ठभागावर धातू होऊन साचते. त्यातले बरेचसे कायमचे वाया जाते, आणि त्याच्या सुया वाढून मधला पडदा भेदला गेला तर शॉर्टसर्किट होते. चार्जिंग सांभाळणारी चिप हे ओळखून असते. लग्नघरच्या यजमानांत इतका समंजसपणा क्वचितच आढळतो.

या बॅटरीसाठी कोबाल्टचा धन ध्रुव १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणला. गुडइनफ यांना त्याबद्दल नोबेल मिळाले ते २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. शेवटच्या टक्क्यांपाशी रेंगाळण्याची रीत तशी जुनीच म्हणायची.

प्रवाह सुरुवातीच्या दहाव्या-विसाव्या हिश्शावर आला की चिप बॅटरी भरली असे मानून हात आखडता घेते. ज्याला आठची बस गाठायची आहे, त्याने तोवर थांबू नये. ८० वर पिन काढावी. काठोकाठ न भरलेली बॅटरी टिकतेही जास्त.